वाचकांचे प्रश्न : जळू कोणती, हे आधी विचारावे

प्रश्न : लावणीच्या दिवसांत आमच्या शेतात पायाला लागणारी जळू आणि आंबोलीच्या रानात पानावरून अंगावर चढणारी जळू या दोन्ही एकच का? परदेशात काही शास्त्रज्ञ केवळ जळवांचाच अभ्यास करतात, असे वाचनात आले. एवढ्याशा प्राण्यात अभ्यासण्यासारखे काय असते?
– एक शिक्षिका, सावंतवाडी तालुका

उत्तर : त्या एक नव्हेत, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथूनच सुरू होते. शेतातल्या पाण्यातली जळू अंगाने रुंद व चपटी असते आणि पाण्यात लाटेसारखी पोहते. आंबोलीची जळू हीमाडिप्सा या गटातली, म्हणजे जमिनीवरची आहे. उपाशी असताना ती जाड दोऱ्याएवढीच दिसते. पावसाळ्यात एखाद्या पानाच्या कडेजवळ जरा थांबून पाहावे. मागच्या चूषकाने पान घट्ट धरून ती उभी राहते, पुढचे टोक हवेत इकडून तिकडे फिरवते, आणि आपला श्वास, अंगाची ऊब व पावलांचा हादरा जाणवताच वितीने माप घेतल्यासारखी चालत आपल्या दिशेने येते. जगात जळवांच्या सुमारे 700 जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक गोड्या पाण्यात राहतात, आणि सगळ्याच काही रक्त पीत नाहीत. कित्येक जाती गोगलगाई, अळ्या आणि किडे खाऊन जगतात. गोड्या पाण्यातल्या काही जळवा तर अंडी पोटाखाली सांभाळतात आणि पिल्ले बाहेर आल्यावर त्यांना पोटाला चिकटवून घेऊन हिंडतात. जळू म्हटले की किळस वाटणाऱ्याने हे दृश्य एकदा तरी पाहावे, असे मला मनापासून वाटते.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात डॉ. ॲना फिलिप्स जळवा आणि इतर परजीवी प्राण्यांवर संशोधन करतात. पेरू देशात नदीत आंघोळ करणाऱ्या एका मुलीच्या नाकातून निघालेल्या जळूचे वर्णन त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 2010 साली प्रसिद्ध केले. तिला एकच जबडा होता आणि त्यावर आठ मोठाले दात होते, म्हणून तिचे नाव टिरॅनॉब्डेला रेक्स, म्हणजे ‘जुलमी जळू-राजा’, असे ठेवण्यात आले. जनुकीय तुलना केल्यावर तिचे जवळचे नातेवाईक एकीकडे मेक्सिकोत, तर दुसरीकडे आशियात सापडले. भारतासह आशियाच्या काही भागांत गुरांच्या नाकात शिरणारी डिनॉब्डेला फेरॉक्स ही जळू त्याच कुळातली आहे. समुद्र ओलांडण्याचे कोणतेही साधन नसलेला हा प्राणी पृथ्वीच्या दोन टोकांना कसा, याचे संशोधकांनी सुचवलेले उत्तर असे, की या कुळाचा पूर्वज खंड एकमेकांपासून दूर जाण्याच्या आधीचा असावा. पाणी पिताना गुराच्या नाकात शिरलेल्या जळूमागे इतका जुना इतिहास असू शकतो, हे कळल्यावर मी स्वतः कितीतरी वेळ त्याच विचारात होतो.

उत्क्रांतीच्या दृष्टीने जळू ही गांडुळाची जवळची नातलग आहे. दोघेही उभयलिंगी असतात आणि दोघांचीही अंडी कोशात असतात. जळूच्या कातडीवर पुष्कळ वळ्या दिसतात, पण त्या मोजून शरीराचे खंड कळत नाहीत, कारण एका खंडावर अनेक वळ्या असतात. म्हणून नुसत्या रूपावरून जात ठरवणारा माणूस फसतो. डॉ. फिलिप्स यांनी 2019 साली वॉशिंग्टनपासून जवळच्या दलदलीतल्या जळूची मॅक्रॉब्डेला मिमिकस ही नवी जात वर्णिली. वरून पाहता ती तिथल्या नेहमीच्या जळूसारखीच होती. फरक निघाला तो जनुकांत आणि पोटाकडच्या बारीक छिद्रांच्या जागेत. मग संग्रहालयांतल्या जुन्या बरण्या उघडल्या, तेव्हा हीच जळू तिथे कित्येक वर्षे दुसऱ्या नावाखाली पडून असल्याचे आढळले.

नावातली चूक निरुपद्रवी नसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 साली जळवांना वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. शस्त्रक्रियेने पुन्हा जोडलेल्या बोटात साचणारे रक्त काढण्यासाठी त्या लावतात. पण 2007 साली केलेल्या तपासणीत असे दिसले, की हिरुडो मेडिसिनॅलिस या नावाने विकल्या जाणाऱ्या जळवा प्रत्यक्षात हिरुडो व्हर्बाना होत्या. ज्या जातीला कायद्याने संरक्षण द्यायचे, जिच्या लाळेतून औषध शोधायचे, ती जात हीच का, हा प्रश्न तेव्हापासून टाळता येत नाही. आपल्या सुश्रुतानेही जळवा लावण्याचा विधी सांगण्याआधी त्यांचे बारा प्रकार सांगितले, सहा सविष आणि सहा निर्विष. कृष्णा, कर्बुरा, इंद्रायुधा अशा जळवा वर्ज्य आणि कपिला, पिंगला यांसारख्या ग्राह्य. आजच्या वर्गीकरणाशी हे प्रकार जुळवण्याचा अट्टहास नको, पण आधी ओळख आणि मग उपयोग हा त्याचा क्रम आजही बरोबर आहे.

आपल्या सह्याद्रीला या अभ्यासाचा आणखी एक उपयोग होईल. व्हिएतनामच्या जंगलातल्या 25 जळवांच्या पोटातले रक्त तपासले, तेव्हा त्यांपैकी 21 जळवांत सस्तन प्राण्यांचे डीएनए मिळाले आणि क्वचितच दिसणाऱ्या पट्टेरी सशाचाही माग लागला. हा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. तिलारी-आंबोलीच्या रानात पिसोरी हरीण किंवा खवले मांजर कुठे आहे, याचाही शोध या रीतीने घेता यावा. मात्र कोणती जळू कोणत्या उंचीवर थांबते आणि कोणाच्या अंगावर चढते, हे जातीनुसार बदलते, त्यामुळे आधी आपल्या जळवा नीट ओळखाव्या लागतील.

प्रश्न : जाळ्यात आलेल्या पाकटाच्या अंगावर खरबरीत, राखट अशी जळू चिकटलेली असते. समुद्रातही जळवा असतात का? ती माणसाला लागते का?
– एक मच्छीमार, मालवण

उत्तर : असतात. आपण वर्णन केलेली जळू पाकट आणि मुशी यांच्यावर राहणाऱ्या सागरी गटातली दिसते. तिला जबडे नसतात. बारीक सोंड खुपसून ती माशाचे रक्त घेते, आणि माणूस हे काही तिचे भक्ष्य नव्हे. समुद्री कासवांवर राहणाऱ्या ओझोब्रँकस या जळवांच्या दोन्ही बाजूंना बोटांसारखे कल्ले असतात. एका जातीत त्यांच्या पाच जोड्या, तर दुसरीत सात. वेळास, आंजर्ले येथे अंडी घालायला आलेल्या कासवाला त्रास न देता, अंडी घालून झाल्यावर कुणी जाणकाराने एवढे मोजून ठेवले, तरी ती मोलाची नोंद होईल.

प्रश्न : जळू मिठाने किंवा तंबाखूने काढावी का? विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी ती कशी ठेवावी?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : मीठ, तंबाखू, जळती काडी यांपैकी काहीही लावू नये. त्रासलेली जळू पोटातले रक्त, त्यातल्या जिवाणूंसकट, जखमेत ओकू शकते. तिच्या निमुळत्या टोकाशी नख आडवे सरकवावे, म्हणजे तोंडाची पकड सुटते, आणि मग मागचे टोक सोडवावे. लाळेतल्या हिरुडिनसारख्या द्रव्यांमुळे रक्त गोठत नाही, म्हणून ते काही तास झिरपत राहते. जखम साबणाने धुऊन दाबून धरावी. रक्त पातळ होण्याची औषधे चालू असतील किंवा जळू नाकात शिरली असेल, तर डॉक्टरांकडेच जावे.

नमुना ठेवायचा असेल तर जिवंत जळू एकदम तीव्र अल्कोहोलमध्ये टाकू नये, ती आकसून गोळा होते. थोड्या पाण्यात ठेवून त्यात थेंब थेंब अल्कोहोल घालावे, ती सैल पडून लांब झाली की मग तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावी. फॉर्मॅलिन टाळावे, त्याने डीएनए खराब होतो. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही गोळा करू नये. बरणीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असावी : गाव, तारीख, पाणी की झुडूप, कोणत्या प्राण्यावर मिळाली. रंग अल्कोहोलमध्ये उडतो, म्हणून आधी छायाचित्र काढावे, पाठीचे एक आणि पोटाचे एक.