बालवाडीच्या मुलांसाठी वसंत ऋतूत घरच्या साहित्यातून कोणत्या सोप्या हस्तकला करता येतील?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की मुलीच्या नर्सरीनं ट्यूलिप आणि चेरीच्या फुलांचे नमुने पाठवलेत आणि ते सामान तुमच्या गावात मिळत नाही. ते वाचलं आणि लिहायलाच बसले. मी हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथकडच्या एका गावात एकोणीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे, आणि या ट्यूलिपवरून माझ्या घरात भांडण झालेलं आहे.

माझा पुतण्या, धाकट्या जावेचा मुलगा, आधी माझ्याच अंगणवाडीत यायचा. जावेनं त्याला काढून तालुक्याच्या इंग्रजी नर्सरीत घातलं. "ताई, तुमच्याकडं लेकरं खिचडी खाऊन मातीत खेळतात, शिकतात काय?" असं ती मला चार माणसांत म्हणाली होती. मी तेव्हा काही बोलले नाही. पुढच्या मार्चमध्ये नर्सरीच्या डायरीत लिहून आलं, स्प्रिंगवर क्राफ्ट करून आणा. जावेनं चमकीचे कागद, आइस्क्रीमच्या काड्या, डिंकाची बाटली असं २८० रुपयांचं सामान आणलं आणि रात्री अकरापर्यंत बसून ट्यूलिप केले. पोरगं शेजारी बसलेलं. त्यानं हात पुढं केला की ती म्हणायची, "हात लावू नको, खराब होईल." ते तिथंच झोपून गेलं. सकाळी मी विचारलं, "बाळा, ट्यूलिप म्हणजे काय रे?" तर म्हणाला, "मम्मीनं केलेलं फूल."

त्या रविवारी मी त्याला टेकडीवर घेऊन गेले. पळस असा फुलला होता की झाडाला एक पान नाही, नुसतं केशरी. खाली पडलेलं एक फूल त्यानं उचललं, उलटंसुलटं केलं आणि ओरडला, "मोठी आई, हा तर पोपट!" खरंच त्याची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी असते. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?' हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. घरी येऊन त्यानं जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला पिठाच्या खळीनं फुलं चिकटवली, काळसर कळी तोडून डोळा केला. सहा पोपट. एकाला दोन शेपट्या. मी फक्त खळीची वाटी धरली होती.

सोमवारी त्यानं ते कार्ड शाळेत नेलं. ट्यूलिप फळ्याशेजारी लागले. कार्ड बाईंनी "पालापाचोळा आणायचा नसतो" म्हणून परत दिलं. दप्तरात फुलं काळी पडली होती. जाऊ मला म्हणाली, "सांगितलं होतं ना ताई." ते कार्ड आजही माझ्या पेटीत आहे.

म्हणून सांगते, ट्यूलिप सोडा. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला (आताच्या पालघर जिल्ह्यात) ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघांना सोबत घेऊन आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंवर बालवाडी उभी केली. जे त्यांना शिक्षण वाटलं, ते आज कुणाला पालापाचोळा वाटत असेल तर चूक पाल्याची नाही.

आता तुमचं उत्तर. खळ घरीच करा: चमचाभर गव्हाचं पीठ, कपभर पाणी, घट्ट होईस्तोवर शिजवायचं. ओंजळभर पळसाची फुलं रात्री गरम पाण्यात टाका, सकाळी पिवळा रंग तयार. त्यातलं थोडं पाणी वेगळं काढून चिमूटभर खायचा चुना टाकला की डोळ्यांदेखत केशरी होतं. लेकरं ते बघून दहा वेळा "परत करा" म्हणतात. पिवळ्या रंगात थोडी खळ कालवली की भेंडी आडवी कापून ठसे उठवता येतात, पाच पाकळ्यांचं फूल येतं. पाडव्याला वीतभर तुराटीची, म्हणजे तुरीच्या वाळल्या काडीची, गुढी करा: टेलरकडची चिंधी, कडुलिंबाची डहाळी, कलश म्हणून बाटलीचं झाकण. गाठ मारणं तीन-चार वर्षांच्या लेकराला जमत नाही, गुंडाळणं जमतं. कात्रीही देऊ नका, कागद चिमटीनं फाडू द्या. पुढं पेन्सिल धरायची ती याच बोटांनी.

आणि मालदांडी ज्वारीची काढणी झाली की धांडे, म्हणजे तिची वाळली ताटं, आणा. आतला पांढरा भेंड बोटाएवढा कापून द्या, कडुलिंबाच्या पानांच्या काड्या खोचून लेकरं त्याचे बैल करतात. माझ्याकडच्या एका मुलीनं पाच पायांचा केला आणि सांगितलं, हा पळायलाय म्हणून पाय जास्त दिसायलेत.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. धांड्याची साल ब्लेडसारखी कापते, ती तुम्हीच सोला आणि लगेच उचलून टाका. चुन्याच्या पाण्याला लेकरांचा हात लागू देऊ नका, ठशांना साधं पिवळंच घ्या. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, ते विष आहे, तुम्ही घालू नका. खळ दोन दिवसांत आंबते, तेवढ्यापुरतीच करा. रुईची फुलं सुंदर दिसतात, पण चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. सरकी, चिंचोके ही लेकरं नाकात घालतात, लहानांना देऊच नका.

शाळेला ट्यूलिपच हवे असतील तर मुलीला करू द्या, वाकडे होऊ द्या, आणि डायरीत लिहून पाठवा की हे तिनं स्वतः केलंय. घरी लावाल तेव्हा टीव्हीच्या वर लावू नका. तिच्या डोळ्यांसमोर येईल असं, जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर लावा. माझ्या अंगणवाडीत भिंतीची ती पट्टी मी कधी रिकामी ठेवत नाही.