ब्राझीलमधलं बहुमत कसं मोजायचं: रिसर्च डेस्कवर नव्याने लागलेल्या एकीला

अगं, अनेक आशीर्वाद. पत्र लिहायला बसलं की हे बोटांतून आपोआपच येतं, चालवून घे.

तुझ्या डेस्कवर ब्राझील आला हे झकास झालं. बॉसने पहिल्याच आठवड्यात विचारलं की रिफॉर्म पास होणार का ते एका पानात सांग, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, या धंद्यात सगळ्यांना तेवढंच हवं असतं. पण तू पाठवलेल्या कच्च्या ड्राफ्टमध्ये अर्धं पान राष्ट्राध्यक्ष लुलांची लोकप्रियता आणि अर्धं पान कुठल्या पक्षाचे किती खासदार, एवढंच आहे. आकडे बरोबर आहेत, पण त्यातून काही हाती लागत नाही. आपल्याला लोकसभेची सवय ना, २७२ जमले की सरकार बनलं आणि सरकार आहे म्हणजे बिल पास, तसं तिकडे नसतं. तिकडे राष्ट्राध्यक्ष लोकांच्या थेट मतांवर येतो, चार वर्षं बसतो, त्याच्यावर अविश्वास ठराव वगैरे भानगड नाही, आणि संसद वेगळ्या मतांवर आलेली असते, त्यामुळे सरकार पडायच्या भीतीने कोणी निमूट मत देत नाही. २०२२ मध्ये लुला ५०.९ टक्के मतांनी जिंकले खरे, पण त्याच ऑक्टोबरमध्ये निवडून आलेल्या ५१३ जणांच्या खालच्या सभागृहात त्यांच्या पीटी पक्षाचे (म्हणजे कामगार पक्षाचे) खासदार सत्तरच्याही आत, आणि हरलेले आधीचे राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांच्या पीएल पक्षाचे ९९! आता चालव सरकार.

हे असं का होतं ते एकदा नीट समजून घे. तिकडे अख्खं राज्य हाच एक मतदारसंघ, एकट्या साओ पाउलोतून ७० खासदार आणि सगळ्यात लहान राज्यांतूनही ८. मतदार सहसा पक्षाच्या चिन्हापेक्षा माणसाच्या नावाला मत देतो, त्यामुळे उमेदवाराची खरी लढत बरेचदा स्वतःच्याच पक्षातल्या शेजाऱ्याशी असते. मग निवडून आलेला माणूस पक्षाचं ऐकेल की ज्या चार नगरपालिकांनी त्याला मतं दिली तिथल्या दवाखान्याचं आणि रस्त्याचं बघेल, तूच सांग. २०१८ च्या निवडणुकीनंतर त्या सभागृहात ३० पक्ष होते. नंतर किमान मतांची अट हळूहळू लागू होत गेली तशी छोटे पक्ष एकमेकांत विलीन व्हायला लागले, पण अजूनही एकट्याच्या जिवावर बहुमत आणेल असा पक्ष तिकडे नाही.

त्यात १९८८ ची त्यांची राज्यघटना भयंकर तपशिलातली. पेन्शन कधी मिळणार, कोणता टॅक्स कोण गोळा करणार, सगळं घटनेत घालून ठेवलंय, म्हणून जरा मोठा रिफॉर्म म्हटला की घटनादुरुस्तीच लागते आणि त्यासाठी तीन पंचमांश, खाली ५१३ पैकी ३०८ आणि सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, ८१ पैकी ४९, तेही दोन्हीकडे दोन-दोन वेळा. ३०८ हा आकडा मॉनिटरवर चिकटवून ठेव. मे १९९८ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्दोसो यांच्या पेन्शन रिफॉर्ममधलं किमान वयाचं कलम मतदानाला आलं, बाजूने पडली ३०७. एक मत कमी! आणि ते हुकलेलं मत कोणाचं, तर आंतोनियो कांदीर यांचं, कार्दोसोंच्याच पक्षाचे, नुकतेच त्यांचे नियोजन मंत्री राहिलेले, त्यांनी गडबडीत चुकून तटस्थचं बटन दाबलं. खाजगी नोकरदारांना किमान वय लागू व्हायला मग थेट २०१९ उजाडलं. हा किस्सा गमतीचा म्हणून सांगत नाहीये, तिकडे काठावरच्या ३०८ च्या भरवशावर शहाणा माणूस बिल मतदानाला का टाकत नाही ते यातून कळतं. सरकार मतदान पुढे ढकलतंय अशी बातमी आली की समज, मोजणी काठावर आलीय.

आता बहुमत जमवतात कसं. पहिलं नाणं म्हणजे मंत्रिपदं. यात कार्दोसोंनी १९९५ मध्ये जे केलं तो मला सगळ्यात स्वच्छ नमुना वाटतो, स्वतः सोशल डेमोक्रॅट पण उपराष्ट्राध्यक्ष उजव्या पीएफएल पक्षाचा, सभागृहाचा अध्यक्षही पीएफएलचाच, पीएमडीबी या आणखी एका पक्षालाही खाती, आणि खातेवाटप साधारण ज्याचे जेवढे खासदार त्या मापाने. त्याच वर्षी तेल आणि टेलिकॉममधली सरकारी मक्तेदारी घटना बदलून मोडली. त्याच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष कोलोर बघ, चिमुकल्या पक्षातून आले, १९९० मध्ये सत्तेवर येताच लोकांची बँकेतली बचत गोठवली, तीही वटहुकमासारख्या एका तात्पुरत्या कायद्याने, आणि संसदेला गृहीत धरलं. १९९२ मध्ये भ्रष्टाचाराचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा महाभियोगाच्या बाजूने ४४१ आणि विरोधात ३८. त्यांच्यासाठी खिंड लढवायला सभागृहात माणसंच नव्हती.

लुलांची पहिली टर्म यातलं मधलं प्रकरण आहे. २००३ मध्ये त्यांनी मित्रपक्ष गोळा केले पण मलईदार खाती बहुतेक स्वतःच्या पीटीकडेच ठेवली, इतरांच्या तोंडाला पानं पुसली म्हण ना. मग २००५ मध्ये मित्रपक्ष पीटीबीचे नेते रोबेर्तो जेफर्सन यांनीच पेपरला मुलाखत देऊन सांगितलं की काही खासदारांना महिन्याला ३० हजार रिआल (तिकडचं चलन) पोचवले जातायत, आणि मेन्सालाओ, म्हणजे मासिक हप्त्याचं, प्रकरण फुटलं. माझं मत विचारशील तर या दोन गोष्टींचा संबंध आहे, उघड्यावर खाती नीट वाटली नाहीत की टेबलाखालून वाटायची वेळ येते आणि ते शेवटी जास्त महाग पडतं. याला कोणी 'सगळे चोरच' म्हणून हात झटकेल, तू झटकू नकोस. मित्रपक्षाला बंदरांचं खातं देणं आणि पाकीट देणं यात फरक आहे, आणि तो फरक ज्याला दिसत नाही त्याने हे डेस्क घेऊ नये.

ड्राफ्टमध्ये जी गोष्ट अजिबात नाही ती म्हणजे सभागृहाचा अध्यक्ष. आपल्याकडे स्पीकर बहुधा सत्ताधाऱ्यांचाच, त्यामुळे आपलं तिकडे लक्ष जात नाही. तिकडे कुठलं बिल कधी मतदानाला येणार हे अध्यक्ष ठरवतो, ते कोणाकडे सोपवायचं हेही त्याच्या हातात, आणि राष्ट्राध्यक्षाविरुद्धचा महाभियोग अर्ज दाखल करून घ्यायचा की ड्रॉवरमध्ये ठेवायचा हा निर्णय तो एकटा घेतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी. २०१५ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष, पीटीच्याच दिल्मा रुसेफ यांनी या खुर्चीसाठी पीटीचाच माणूस उभा करायचा हट्ट केला, त्याला १३६ मतं आणि एदुआर्दो कुन्या यांना २६७. हे कुन्या पीएमडीबीचे, म्हणजे कागदावर मित्रपक्षाचे. डिसेंबरात एथिक्स कमिटीतल्या पीटीच्या खासदारांनी जाहीर केलं की आम्ही कुन्यांवरची कारवाई पुढे चालू ठेवायच्या बाजूने मत देणार, आणि त्याच दिवशी कुन्यांनी महाभियोगाचा अर्ज दाखल करून घेतला. पुढच्या मार्चमध्ये पीएमडीबीने काही मिनिटांच्या बैठकीत सरकार सोडलं, एप्रिलमध्ये दिल्मांविरुद्ध ३६७ मतं पडली, लागत होती ३४२. उपराष्ट्राध्यक्ष तेमेर पीएमडीबीचेच होते, ते खुर्चीवर बसले.

तू विचारलंस की मग बोल्सोनारोंनी कोणाशीच युती न करता २०१९ मध्ये पेन्शन रिफॉर्म कसा काय पास केला. त्यांनी केलाच नाही गं, संसदेने केला. तेव्हाचे अध्यक्ष रोद्रिगो माया यांनी तो स्वतःचा म्हणून अंगावर घेतला, पक्षनेत्यांना बसवलं, आणि ज्यावर खासदार अडत होते ते एकेक काढत गेले: शेतमजुरांचं पेन्शन काढलं, गरीब वृद्धांच्या भत्त्यातला बदल काढला, राज्यांचे आणि नगरपालिकांचे कर्मचारीही वगळले, कारण गावी जाऊन शिक्षकांचा रोष कोण घेणार. राष्ट्राध्यक्ष तर तेव्हा पोलिसांना सवलत द्या म्हणून मागे लागले होते, म्हणजे स्वतःच्याच बिलाला भोक पाडत होते! तरी जुलैमध्ये पहिल्या फेरीत ३७९ विरुद्ध १३१. पुरुषांना ६५, बायकांना ६२. म्हणून तुझ्या पानावर 'राष्ट्राध्यक्षांकडे किती मतं' याच्या आधी 'हे बिल कोणाचं' हा प्रश्न यायला हवा. रेलातोर, म्हणजे ज्याच्या हातात बिलाचा मसुदा सोपवलेला असतो तो खासदार, त्याचं नाव आणि पक्ष पहिल्या तीन ओळींत दिसला पाहिजे.

२०२३ चा टॅक्स रिफॉर्म तुला पटकन कळेल, कारण तो म्हणजे आपलंच जीएसटी प्रकरण, आणि तिकडे ते तीन दशकं रखडलं होतं. पाच टॅक्स जाऊन व्हॅटसारखे दोन, एक केंद्राचा आणि एक राज्यं-नगरपालिकांचा. घोडं कुठे पेंड खात होतं तेही तेच, माल बनतो तिथे टॅक्स लागायचा तो आता माल खपतो तिथे लागणार, मग साओ पाउलोसारखं कारखान्यांचं राज्य का हो म्हणेल? आपल्याकडे महाराष्ट्राला हीच धास्ती होती, त्यात मुंबई महापालिकेची जकात जाणार होती, म्हणून राज्यांना पाच वर्षं १४ टक्के वाढीच्या हिशोबाने भरपाई आणि महापालिकेला राज्याच्या कायद्याने वेगळी भरपाई असं करत गाडी पुढे गेली. ब्राझीलने तर याहून लांबचं टाकलं. नवीन टॅक्स २०२६ ते २०३३ टप्प्याटप्प्याने, राज्यांमधल्या वाटपाचा बदल जवळपास ५० वर्षांत पसरवला, मागास राज्यांसाठी केंद्राच्या पैशातून फंड, ॲमेझॉनमधल्या मानाउस शहराच्या फ्री झोनची सवलत शाबूत, आणि ज्याची ज्याची लॉबी दांडगी त्याला कमी दर. जुलैमध्ये ३८२ मतं, नोव्हेंबरमध्ये सिनेटमध्ये ५३, डिसेंबरमध्ये घटनादुरुस्ती जाहीर. रेलातोर कोण तर खाली पीपी पक्षाचे आगिनाल्दो रिबेरो आणि सिनेटमध्ये एमडीबीचे (म्हणजे पूर्वीच्या पीएमडीबीचे) एदुआर्दो ब्रागा, पीटीचा एकही नाही. अर्थशास्त्रवाले म्हणतात इतक्या सवलतींनी टॅक्सचा दर वाढला, आणि ते खरंच आहे, पण त्या सवलती काढून टाक आणि मग ३०८ मोजून दाखव.

त्याच सप्टेंबरमध्ये क्रीडामंत्री आना मोझेर यांना काढलं. व्हॉलीबॉलची ऑलिम्पिक ब्राँझवाली खेळाडू, काम चांगलं होतं, पण त्यांच्यामागे कुठलाच पक्ष नव्हता, आणि पीपीला खातं हवं होतं म्हणून तिथे पीपीचे आंद्रे फुफुका आले. रिपब्लिकानोस या दुसऱ्या पक्षाला बंदरं आणि विमानतळ. मला वाईट वाटलं, पण अशा बातम्या सोडत जाऊ नकोस, त्या आतल्या पानावर येतात आणि पुढच्या सहा महिन्यांचं सांगून जातात.

आता खरी अडचण. मी हे सगळं सांगतोय ते मंत्रिपदांचं नाणं हल्ली पूर्वीइतकं चालत नाही. पूर्वी खासदाराने आपल्या भागासाठी बजेटमध्ये टाकलेली कामं मोकळी करायची की नाही हे राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीवर असायचं, मतदानाच्या आदल्या आठवड्यात पैसे सुटायचे आणि हात वर व्हायचे. २०१५ मध्ये संसदेने घटनाच बदलून प्रत्येक खासदाराच्या वाट्याचा हा खर्च सरकारला बंधनकारक केला. पुढे बोल्सोनारोंच्या काळात गुप्त बजेट म्हणून जे गाजलं त्यात कोणाच्या सांगण्यावरून पैसा गेला हेही कळायचं नाही, ते सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये ६ विरुद्ध ५ ने रद्द केलं, पण खासदारांच्या अशा कामांची एकूण रक्कम काही कमी झाली नाही, २०२५ मध्ये ५० अब्ज रिआलच्या आसपास होती. ज्याला पैसा तसाही मिळणार तो मंत्रिपदासाठी किती वाकेल? जून २०२५ मध्ये लुलांनी आर्थिक व्यवहारांवरचा टॅक्स वाढवायचा आदेश काढला तर सभागृहाने तो ३८३ विरुद्ध ९८ ने फेटाळला, आणि ज्या पक्षांचे मंत्री तेव्हा सरकारात बसले होते त्यांचे खासदार ढिगाने विरोधात गेले. ऑक्टोबरमध्ये त्याच सभागृहात महिना ५००० रिआलपर्यंतच्या पगाराला इन्कम टॅक्स माफीचं बिल आलं, ४९३ विरुद्ध शून्य. सरकार तेच, खासदार तेच.

म्हणून नुसत्या सीट्सचा टेबल काढून टाक. त्याजागी मागच्या दोन-तीन मोठ्या मतदानांत प्रत्येक मित्रपक्षाचे किती टक्के खासदार सरकारबरोबर राहिले ते टाक, नावानिशी मतदान सभागृहाच्या साइटवर असतं, थोडं पोर्तुगीज लागेल पण एक्सेल तेच आहे. त्या पक्षाकडे किती मंत्री आणि किती खासदार ते शेजारी लिही. अध्यक्षाने तारीख दिलीय का ते बघ. मूळ मसुद्यातून काय काय गळलं त्याची यादी ठेव, यादी हलायचीच थांबली तर बिल बहुधा ड्रॉवरमध्ये गेलेलं असतं. आणि ऑक्टोबरात निवडणूक असेल तर जुलैनंतर कशाचीच अपेक्षा ठेवू नकोस, सगळे गावी गेलेले असतात. लोकप्रियतेचा चार्ट हवाच असेल तर शेवटी ठेव, क्लायंटना आवडतो.

दुसरा ड्राफ्ट झाला की पाठव, रविवारी दुपारी मी मोकळा असतो.