ऑफिसचा कॉम्प्युटर, खासगी वापर आणि हातात पडलेली नोटीस

प्रश्न : कामाच्या वेळेत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर खासगी मेल आणि खरेदीच्या साइट पाहिल्याबद्दल मला कारणे दाखवा नोटीस आली आहे. महिन्यात ४२ तास वापर झाला, असा आरोप आहे. थोडा वापर मी केला, पण एवढा नाही. ब्राउझरची हिस्टरी पुसून टाकू का? आणि खुलाशात काय लिहू?

उत्तर : हिस्टरीला हात लावू नका. नेटवर्कच्या नोंदी प्रॉक्सी किंवा फायरवॉलवर, म्हणजे ऑफिसचं इंटरनेट ज्या यंत्रणेतून जातं तिच्यावर, वेगळ्या साठतात, त्या तुम्ही पुसल्याने जात नाहीत. इनकॉग्निटो, म्हणजे हिस्टरी न साठवणाऱ्या, विंडोनेही त्या टळत नाहीत. उलट पुरावा नष्ट केल्याचा नवा आरोप लागतो आणि तो मूळ आरोपापेक्षा जड पडतो.

तुमच्या बचावाचा खरा मुद्दा म्हणजे तो ४२ तासांचा आकडा. कोणत्या मशीनवरून, किती वाजता, कोणत्या पत्त्यावर विनंती गेली, मुख्यतः एवढंच अशा लॉगमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या नोंदींत, असतं. तुम्ही पान किती वेळ वाचलंत, हे त्यात नसतं. तास हा रिपोर्ट काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा अंदाज असतो. मेलचं पान उघडं ठेवून तुम्ही मीटिंगला गेलात, तरी ते आपोआप ताजं होत राहतं. मूळ नोंदींत हे ओळखू येतं : १४:०२:१०, १४:०३:१०, १४:०४:१०. माणूस असं ठोक्याला ठोका क्लिक करत नाही. शिवाय एक पान उघडलं की जाहिरातींच्या सर्व्हरकडेही विनंत्या जातात आणि त्याही कधीकधी मोजल्या जातात. लॉगची वेळ यूटीसीत, म्हणजे भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, आहे की स्थानिक, हेही विचारा. त्यात गफलत झाली, तर संध्याकाळी काम संपल्यावरचा वापर कामाच्या वेळेत दिसू शकतो.

म्हणून मुदत संपायच्या आत लेखी मागणी करा : सारांश नको, मूळ लॉग द्या; तास मोजण्याची पद्धत सांगा; संगणक वापराच्या धोरणाची तुमची सही असलेली प्रत द्या. कागद मिळेपर्यंत मुदतवाढही त्याच पत्रात मागा.

खुलाशात जेवढं घडलं तेवढं स्पष्ट मान्य करा आणि बाकीचं मुद्देसूद नाकारा. सरसकट नकार देऊ नका. एक नोंद जरी खरी ठरली, तरी तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरचा विश्वास उडतो. ‘सगळेच करतात’ हे वाक्यही नको. मात्र अशाच वापरासाठी इतरांना फक्त तोंडी समज दिली गेली असेल, तर ते जरूर मांडा. शिक्षेतला भेदभाव हा वजनदार मुद्दा आहे.

प्रश्न : वापरावर बंदी असली, की कंपनी माझे खासगी मेसेजही वाचू शकते का?

उत्तर : हे त्या-त्या देशाच्या कायद्यावर आणि तुमच्या करारावर ठरतं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या महापीठाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी बर्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया खटल्यात ११ विरुद्ध ६ मतांनी कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. याहू मेसेंजरवरच्या खासगी संभाषणावरून त्याची नोकरी गेली होती. बंदी त्याला ठाऊक होती. पण पाळत कशी आणि किती असेल, मजकूरही वाचला जाईल का, हे आधी सांगितलं होतं का, ते तिथल्या न्यायालयांनी तपासलंच नव्हतं. तुमच्या धोरणातही ‘नियमभंग’ शब्दापेक्षा ‘देखरेख’ हा शब्द आधी शोधा. मात्र बचावासाठी म्हणून कंपनीच्या फाइली स्वतःच्या मेलवर पाठवू नका. तो वेगळा आणि गंभीर नियमभंग ठरतो.