कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या: खत वाढवू नका

हायड्रोपोनिक्सच्या किटमध्ये, म्हणजे मातीशिवाय खत मिसळलेल्या पाण्याच्या टाकीवर, लावलेल्या तुमच्या लेट्यूसचं (सॅलडच्या पालेभाजीचं) वर्णन वाचलं आणि राहवलं नाही. वरची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, खालची जुनी पानं ठणठणीत, आणि किट विकणारे म्हणताहेत की खताची मात्रा वाढवा. एका विक्रेत्याच्या ग्राहक सेवेकडून हेच उत्तर मला इतक्या वेळा मिळालंय की पाठ झालंय. कृपया टाकीत आणखी खत ओतू नका.

नत्र कमी पडलं असतं तर आधी खालची पानं पिवळी झाली असती, कारण झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं. लोह मात्र ज्या पानात गेलं तिथंच राहतं, म्हणून उपासमार नव्या पानांची होते. बाटलीत लोह असतंच, पण पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका वर तितकी आम्लता कमी) चढला की ते झाडाच्या हाती लागत नाही. पुष्कळ तयार खतांत लोह ईडीटीएला (लोह पाण्यात विरघळलेलं ठेवणाऱ्या रसायनाला) बांधलेलं असतं आणि पीएच साडेसहाच्या वर गेला की ही पकड सुटायला लागते. टाकीच्या तळाशी बोट फिरवून बघा. माझ्या टाकीत तांबूस गाळ बसला होता, बोटाला गंजासारखा लागायचा. त्याचा फोटो पाठवला तर उत्तर आलं, "टाकी धुवा, मात्रा दीडपट करा."

पाणी जड आहे का, पीएच किती, कुणी विचारलं नाही. वर म्हणे मीटरवर ८०० आणा. कुठल्या मीटरवर? काही टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारे) ईसीला, म्हणजे पाण्याच्या वीजवाहकतेला, ५०० ने गुणतात, काही ७०० ने. तेच ८०० एकावर ईसी १.६ होतं आणि दुसऱ्यावर १.१४. त्यांचं ऐकलं आणि पानांच्या कडा करपल्या, अख्खी लावणी गेली आणि तक्रार "निकाली" म्हणून बंद झाली. त्याचा राग अजून आहे. विकणाऱ्यानं पहिला प्रश्न पीएचचाच विचारायला हवा.

मी कृषितज्ज्ञ नाही, पण तुमच्या जागी असतो तर टीडीएस विसरून फक्त ईसी बघितला असता. घरातल्या लेट्यूसला ०.८ ते १.२ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर (ईसीचं एकक) पुरतो, पीएच ५.५ ते ६.५. आधी खत मिसळा, मग हातमोजे आणि चष्मा घालून पीएच उतरवणारं फॉस्फोरिक आम्ल थेंब थेंब टाका, ढवळा, अर्ध्या तासानं पुन्हा मोजा. जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे पीएच एकदोन दिवसांत परत चढेल, तेव्हा रोज मोजायची तयारी ठेवा. सायट्रिक आम्ल मला पटत नाही, जिवाणू ते खाऊन टाकतात आणि पीएच पुन्हा वर. पिवळी झालेली पानं कदाचित हिरवी होणार नाहीत, त्यामुळे लक्ष नव्या पानांवर ठेवा.

तुमच्या फोटोत मुळं दिसत नाहीत. ती तपकिरी, बुळबुळीत आणि वास मारणारी असतील तर आधी मूळकुजीचं बघा: पाणी गार ठेवा, २० अंशांच्या आसपास, एअर पंप चालू आहे ना ते तपासा आणि टाकीत उजेड जाऊ देऊ नका.

आणि पीएच पेन ४ आणि ७ च्या बफरमध्ये (पीएच आधीच ठरलेल्या द्रावणात) तपासून घ्या. वापरून झाल्यावर टोक साठवणीच्या द्रावणात बुडवून ठेवा. शुद्ध पाण्यात ठेवलेला किंवा कोरडा पडलेला पेन चुकीचे आकडे दाखवतो.