हायकोर्टाने निर्दोष सुटका फिरवली असेल, तर आधी हे वाचा

ताई, सेशन कोर्टाने तुमच्या भावाला निर्दोष सोडलं, हायकोर्टाने तो निकाल फिरवून जन्मठेप दिली, आणि आता वकील म्हणतात, 'एसएलपी (सुप्रीम कोर्टात अपिलासाठी विशेष परवानगी मागणारी याचिका) टाकून बघू, लागली तर लागली.' हे वाचलं आणि पोटात गोळा आला. माझ्या धाकट्या भावाचं हेच झालं होतं.

मी वकील नाही. कागद चांगल्या फौजदारी वकिलाला दाखवाच. पण तुमच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाची परवानगी मागावी लागत नाही, थेट अपिलाचा हक्क आहे. घटनेच्या कलम १३४मध्ये असा हक्क मुळात फाशीच्या शिक्षेपुरता होता, पण तो वाढवायचा अधिकार त्याच कलमाने संसदेला दिलाय. १९७०मध्ये संसदेने कायदा करून जन्मठेप आणि दहा वर्षं किंवा त्याहून जास्त कैद त्यात आणली. पुढे ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७९मध्ये आलं, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४२० आहे. अपिलात पुरावाही पुन्हा तपासला जातो. एसएलपी आधी दाखल करून घ्यायची की नाही, हेच कोर्टाच्या मर्जीवर असतं.

आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. मोफत मदत देणाऱ्या एका कार्यालयात गेलो, तर तिथल्या बाईंनी आमच्या अर्जावरचा 'अपील' शब्द निळ्या पेनाने खोडून वर 'विशेष परवानगी' लिहिलं. मी विचारलं, त्या म्हणाल्या, 'सगळ्यांचं असंच असतं.' मी गप्प बसले. पाच महिने गेले. शेवटी दिल्लीच्या एका वकिलांनी निकालपत्राचं पहिलं पान वाचूनच विचारलं, 'खाली सुटला होता ना? मग परवानगी कशाला?' मग विलंब माफीचा अर्ज जोडून अपील गेलं. तोवर भाऊ आतच होता. त्या पाच महिन्यांचा राग अजून जात नाही.

मात्र खालच्या कोर्टातच शिक्षा होऊन हायकोर्टाने ती कायम केली असती, तर हा हक्क नसता. माझ्या मते संसदेने तिथेही तो द्यायला हवा. जन्मठेप ती जन्मठेपच.

आणखी एक, साक्षीदारांच्या मराठी जबान्यांचं इंग्रजी भाषांतर आजपासूनच करून घ्या. आमचा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. भाऊ तुरुंगात असेल तर तुरुंग अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येतं, त्याची पोच मात्र लेखी घ्या.