गोव्यात जुनं, न तोडलेलं जंगल अजून कुठे आहे? ते कसं शोधायचं आणि वाचवायचं?

आधी ते सॅटेलाइटचे नकाशे बंद करा. सरकारी वनसर्वेक्षणात एक हेक्टरभर जमिनीवर १० टक्के झाडोरा असला की ते वनाच्छादन, मग तो काजू असो नाहीतर रबर. राय, म्हणजे देवराई, नि बागायत दोन्ही नकाशावर हिरवीच दिसतात. जुनं रान पाणी धरून ठेवतं, म्हणून मे महिन्यात न आटणारा झर कुठे आहे ते गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा.

मी सत्तरी तालुक्यातला. आमच्या गावच्या देवाच्या रायीत कोयता चालत नसे, पडलेलं लाकूडसुद्धा कोणी घरी आणत नसे. आजो मला वाटेवरच चपला काढायला लावायचा. आत भर उन्हाळ्यात पायांना गार चिखल लागायचा. पुढे देवळाचा जीर्णोद्धार ठरला. मंडपाला जागा हवी, गाडी दारापर्यंत यायला हवी, म्हणून सात झाडं आडवी केली. एकाचा बुंधा आम्हा चौघा भावंडांच्या कवेत मावत नव्हता. सभेत मी उठून बोललो, तर माझे सख्खे काका म्हणाले, "खाली बस. एकाच्या जागी दहा लावू." लावली, परदेशी अकेशियाची! दुसऱ्या मे महिन्यात रायीतल्या झरीवर आजी ज्या दगडावर कळशी टेकवायची तो कोरडा ठणठणीत होता.

सत्तरीतल्याच बांबर गावची निरंकाराची राय बघा म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. रानजायफळांचं दलदलीतलं जंगल आहे ते. झाडांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात आणि गुडघ्यासारखी वाकून परत आत जातात. अशी जागा रोपं लावून होत नाही. म्हादई अभयारण्य १९९९ चं, ही राय त्याच्या किती आधीपासून देवाच्या धाकावर उभी आहे.

आता नुसता धाक पुरत नाही, कागद लागतो. एक-चौदाच्या उताऱ्यावर जमीन कोणाच्या नावावर आहे ते काढा. पंचायतीच्या जैवविविधता समितीला नोंदवहीत राय घालायला लावा, ग्रामसभेत ठराव घ्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली डिचोलीतल्या सुर्लच्या रायीला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळालाच ना? आमच्याकडे ठराव आधी झाला असता तर ती सात झाडं आज उभी असती.

त्या वर्षी पाऊसही कमी होता, हे मान्य. पण काका, त्यानंतर चार पावसाळे चांगले गेले आणि दगड अजून कोरडाच आहे.

बांबरला जाल तर आधी गावात विचारा आणि त्या मुळांवर पाय देऊ नका.