दिवाळी अंकाचं संपादन पहिल्यांदाच करतोयस ना?

मग आधी कॅलेंडर काढ. अंक दिवाळीचा असला तरी काम मे-जूनमध्येच सुरू होतं. लेखकांकडे उशिरा गेलास की हाती येतं ते त्यांच्या कपाटातलं उरलंसुरलं. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही घाई काही सुटलेली नाही.

‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडलं, पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची लेखकांना जाणारी लांबलचक पत्रं आजही आठवली जातात. कथा का जमत नाही, कुठे सैल पडते, हे ते सविस्तर कळवायचे. तू निदान चार ओळी तरी लिही. ‘साभार परत’चा नुसता शिक्का मारून मोकळा होऊ नकोस.

आणि न विचारता कात्री चालवू नकोस. मी एकदा पान बसेना म्हणून एका कथेचा शेवटचा परिच्छेद उडवला. मला तो फाफटपसारा वाटला होता. लेखकाने पुढे तीन वर्षं कथा दिली नाही. (परिच्छेद फाफटपसाराच होता, हे माझं मत आजही कायम आहे.)

पानं फर्म्यात (एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यात) मोज, सोळाच्या पटीत. शेवटच्या क्षणी जाहिरात गळली तर भरायला दोन-चार व्यंगचित्रं हाताशी असू देत. शेवटचं प्रूफ मात्र कागदावरच वाच, मोठ्याने. अनुक्रमणिकेतले पृष्ठांक अगदी शेवटी तपास, कारण तेच हमखास चुकतात. आणि लेखकांचं मानधन नि अंकाची प्रत लक्ष्मीपूजनाआधी पोचव.